एकोणीस वर्षं न छापलेलं पत्र

१६ एप्रिल १९५६, सोमवार

मी संपादक झाले. खरं वाटेना म्हणून पुन्हा लिहिते: मी संपादक झाले! अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं येतंय, येऊ दे.

सकाळी मालकांनी, मिस्टर गार्साइड यांनी, वर बोलावलं. मला वाटलं, कुठल्या तरी नवरीच्या आईच्या टोपीचा रंग चुकला. सतरा वर्षं मी 'स्केल्बी हेराल्ड'चं महिलांचं पान लिहितेय, लग्नं, बारशी, जॅमच्या स्पर्धा. मला वर बोलावतात ते टोपीसाठीच. पण मालक म्हणाले, "पिकर्सगिलला डॉक्टरांनी कायमचं घरी बसवलंय. हृदय दमलं. त्याच्या जागी कोण म्हणून विचारलं, तर त्याने एकच नाव घेतलं. तुमचं."

"माझं?"

"मलाही असाच धक्का बसला. पण तो म्हणाला, हेस्टर थ्वेटने आजवर कुणाला त्रास दिलेला नाही. मला तेवढं पुरे. योग्य पुरुष मिळेपर्यंत सांभाळा."

योग्य पुरुष मिळेपर्यंत! मिळो त्यांना सावकाश. जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले, बेचाळीस वर्षांच्या बाईने उतरू नयेत तशा.

आईला सांगितलं. ती किपर मासे भाजत होती. म्हणाली, "मग आता लग्नांच्या बातम्या कोण लिहिणार?"

"मीच."

"मग बदललं काय?"

१८ एप्रिल, बुधवार

छापखान्याचा मुकादम ईनॉक जोवेट दारातच आडवा उभा. "बाईसाहेब, इथे माणसं शिव्या देतात."

"मी तुमची प्रुफं सतरा वर्षं वाचतेय, मिस्टर जोवेट. मीही देते."

तो हसला नाही, पण बाजूला झाला.

२० एप्रिल, शुक्रवार

माझा पहिला अंक! तिसऱ्या पानावर 'पाद्रीबाबांचे भाषण' ऐवजी 'पाद्रीबाबांचे भांडण' छापलं गेलंय. पाद्रीबाबांचा फोन आला. मला वाटलं, आता बरसणार. ते म्हणाले, यंदा प्रथमच लोकांनी त्यांचं भाषण शेवटपर्यंत वाचलं.

२३ एप्रिल, सोमवार

मालकांचा हुकूम: १८ मेच्या अंकात पिकर्सगिल साहेबांच्या आयुष्यावर आणि कारकिर्दीवर एक अख्खं पान, मी लिहायचं. त्याच अंकात कड्यावरच्या लिफ्टची पुरवणी. व्हिट्सन सणाच्या सुट्टीत, सोमवारी २१ तारखेला, मेयर प्रूडो लिफ्टचं उद्घाटन करणार. गावातून खाली किनाऱ्यावर जायला पुन्हा रुळांवरचे ते दोन डबे, एक चढेल तेव्हा दुसरा उतरेल. सदतीस साली अपघात झाला, लिफ्ट बंद पडली, मग लढाई आली. आता नवे डबे, हिरवा रंग, पितळी कड्या. सगळं गाव लहान मुलासारखं नाचतंय, मीही.

संध्याकाळी साहेबांकडे गेले. शाल पांघरून खिडकीशी बसले होते, पाइप रिकामा. मी म्हटलं, "तुमच्यावर पान लिहायचंय."

"लिही. पण मला विचारू नकोस, मी खोटं सांगेन. जुन्या अंकांची बाडं वाच. छत्तीस सालापासून, माझ्या पहिल्या अंकापासून." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीची चाळलीस तरी चालेल. सदतीस नीट वाच."

माझ्या टेबलाच्या, म्हणजे त्यांच्याच जुन्या टेबलाच्या, खालच्या खणाची किल्लीही दिली. मी म्हटलं, तुमचे कागद घरी आणून देते. ते म्हणाले, "नको. ते कागद संपादकाचे आहेत." किती साधा माणूस! घरी न्यायला एक कागदही नको.

२८ एप्रिल, शनिवार

दोन दिवस बाडांत बुडाले आहे. नाकात धूळ, बोटं काळी, आणि मी भलती सुखात. काय लिहायचा हा माणूस! बॉम्बच्या काळात एकही अंक चुकवला नाही. मासेमारांच्या बायकांसाठी बंदरावर शेड बांधून घेतली, केवळ आठ अग्रलेखांच्या जोरावर.

सदतीस नीट वाचलं. त्या वर्षी त्यांनी बोलिंगचा चषक जिंकला, म्हणूनच ते साल लाडकं असणार. त्याच ऑगस्टमध्ये लिफ्टचा अपघात. वरचा डबा सुटला, खाली आदळला, एक बाई आणि तिची मुलगी गेली. लिफ्ट चालवणारा आल्फ्रेड मेडफर्थ दुपारी एक ग्लास बिअर प्यायला होता. चौकशीत ठरलं: यंत्र ठीक, माणूस बेजबाबदार. 'हेराल्ड'चा मथळा: 'चालकाच्या तोंडाला बिअरचा वास'.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मेडफर्थ? त्याच्या खिडक्या फोडल्या पोरांनी. चर्चमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. मीही उठले होते." शेवटी तो गाव सोडून गेला, म्हणाली.

३ मे, गुरुवार

पानाचा मसुदा साहेबांना दाखवला. मला वाटलं, डोळे पाणावतील.

"हे कुणा संताचं चरित्र दिसतंय," ते म्हणाले. "अर्धं गायब आहे."

"कुठलं अर्धं?"

"ते शोधणं बातमीदाराचं काम. मी आजारी माणूस आहे." आणि डोळे मिटून घेतले.

मला जरा रागच आला. आजारपणात माणूस चिडका होतो, दुसरं काय.

५ मे, शनिवार

खण उघडला.

वर पाइप साफ करायच्या काड्या, बोलिंग क्लबच्या पावत्या. तळाशी एक पाकीट, त्यात नगरपालिकेचे इंजिनिअर टिंडल यांनी सही केलेली टंकलिखित प्रत. तारीख १४ जून १९३७, अपघाताच्या सात आठवडे आधीची. पत्र बांधकाम समितीच्या अध्यक्षांना: 'आपत्कालीन ब्रेकचे जबडे झिजले आहेत. ते बदलेपर्यंत लिफ्ट तत्काळ बंद करावी.' खाली वेगळ्या शाईत टिंडलांनी संपादकांना लिहिलंय: 'मला उत्तर मिळाले ते असे: हंगाम संपल्यावर पाहू. आता दोघी गेल्या. आपण हे छापाल अशी आशा आहे.'

बांधकाम समितीचे तेव्हाचे अध्यक्ष होते रूपर्ट प्रूडो. आज मेयर.

मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. ऊर असा धडधडत होता की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर वाटावा. केवढी मोठी बातमी! आणि लगेच दुसरा विचार: पत्र इथे या खणात आलं होतं. छापलं का नाही? चुकून राहिलं असेल. साहेब टेबलावर पसारा करायचे. नशीबच म्हणायचं की खण रिकामा करायला ते विसरले.

७ मे, सोमवार

टिंडल सोळा वर्षांपूर्वी वारले. म्हणून मी सरळ लिफ्टवर गेले. कंत्राटदाराचा मिस्त्री वरच्या फलाटावर बसून पोर्क भरलेली पेस्ट्री खात होता. मी म्हटलं, "ब्रेक नवा आहे ना?"

"ब्रेक? छे. डबे नवे, दोर नवा, रंग नवा. ब्रेक जुनाच. पुसून, तेल घालून, हिरवा रंग फासलाय. कामाच्या यादीत ब्रेक नव्हताच."

"का नव्हता?"

"चौकशीतच म्हटलंय ना, ब्रेक ठीक होता, माणूस दारुडा होता. ठीक असलेली वस्तू कोण बदलतं, बाई?"

कठड्याला धरून मी खाली पाहिलं. ज्या खोट्याने मेडफर्थला गावातून घालवलं, त्याच खोट्याने तो ब्रेक जागच्या जागी ठेवलाय. आणि व्हिट्सनच्या सोमवारी पहिल्या डब्यात मेयर बसणार, बँडवाले बसणार, शाळेतल्या बक्षीस मिळालेल्या सहा मुली बसणार.

१४ मे, सोमवार

आठवडाभर सगळं पारखून घेतलं. सही टिंडलांचीच, त्यांच्या विधवा पत्नीने ओळखली. मिस्त्रीने मला ब्रेकवरचा कारखान्याचा शिक्काही दाखवला: १९०४.

आज मालकांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि दार लावलं. "सुट्टीनंतर बघू."

"सुट्टीतच माणसं डब्यात बसणार आहेत, साहेब."

"पुरवणीत अर्ध्या गावाच्या जाहिराती आहेत. प्रूडो माझ्या बोलिंग क्लबचा अध्यक्ष आहे. आणि हे छापलं तर लोक विचारतील, 'हेराल्ड' इतकी वर्षं झोपला होता का? सुट्टीनंतर. मी उद्यापासून यॉर्कला घोड्यांच्या शर्यतींना जातोय, शुक्रवारी परत येईन. तुमच्यावर भरवसा ठेवून जातोय. पिकर्सगिलने शब्द दिला होता, तुम्ही त्रास देत नाही."

"हो साहेब," मी म्हटलं. का म्हटलं? सवय. सतरा वर्षांची सवय.

१५ मे, मंगळवार

मी भित्री आहे, हे इथे लिहून ठेवते. सकाळपासून तीन वेळा ठरवलं की छापायचं, तीन वेळा ठरवलं की नाही. नोकरी गेली तर काय करणार? आईला घेऊन लीड्सला जाऊन टोप्या विकणार?

जोवेटला विचारलं, "बातमी मोठी आहे आणि मालकांची ना आहे. तुमची माणसं खिळे जुळवतील?"

त्याने पत्र वाचलं नाही. पाकिटाकडेच बघितलं फक्त. "जुळवू," म्हणाला. "माझी माणसं जे येईल ते जुळवतात. एकोणीस वर्षं आलं नाही म्हणून जुळवलं नाही."

याला आधीपासून ठाऊक होतं की काय? विचारायला धीर झाला नाही.

१६ मे, बुधवार

मेयरना उत्तर द्यायची संधी द्यायलाच हवी, म्हणून गेले. त्यांनी शेरी पुढे केली. "मिस थ्वेट! आमच्या लिलीच्या लग्नाचं काय सुंदर लिहिलं होतंत! ती ते कात्रण अजून जपते."

मी पत्राची नक्कल पुढे ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली नाही. त्यांना पाठ असावी.

"पिकर्सगिलने दिलं हे?"

"नाही. मला सापडलं."

"सापडलं!" ते हसले. "बरं. लिहून घ्या. चौकशीत ब्रेक निर्दोष ठरला आहे. आणि जातीने मी पहिल्या डब्यात बसणार आहे. झालं?"

"सहा मुलीही बसणार आहेत, मेयरसाहेब."

"तुम्ही टोप्यांवर लिहा, बाई. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

तोवर मी उठून जायच्या बेतात होते. ते वाक्य ऐकलं आणि पेन्सिल काढली. त्यांचं उत्तर मी शब्द न् शब्द लिहून घेतलं. उद्या तेही छापणार. छापणार!

१७ मे, गुरुवार

दिवस आयुष्यभर पुरेल असा.

सकाळी नऊला दोन्ही प्रुफं घेऊन साहेबांकडे धावले: पहिल्या पानाची बातमी आणि त्यांच्या कारकिर्दीचं पान. त्या पानात मी एक परिच्छेद घातला होता, रडत-रडत, आठ वेळा लिहून. 'हे पत्र त्या वेळी हेराल्डकडे आले होते. काही कारणाने ते छापले गेले नाही.' त्यांना वाचून दाखवायची हिंमत नव्हती. प्रूफ मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले.

 मग म्हणाले, "पेन्सिल."

मी दिली.

"हेस्टर, तुला मी काय शिकवलं? क्रियापद आहे, तर कर्ता हवा. 'छापले गेले नाही' म्हणजे काय? पत्र आपण होऊन राहिलं?" त्यांनी 'काही कारणाने' खोडलं. 'हेराल्डकडे' खोडलं. वर लिहिलं: 'हे पत्र संपादक अँब्रोज पिकर्सगिल यांच्याकडे आले होते. त्यांनी ते छापले नाही.'

"मालकांनी अडवलं होतं?" मी विचारलं.

"थोरल्या गार्साइडने, तेव्हाच्या मालकाने, एकदाच विचारलं, छापायलाच हवं का? मी नवा होतो. बायको आजारी होती. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. अडवलं कुणीच नाही, पोरी. एका आठवड्याने काय बिघडतं, असं मी साडेनऊशे आठवडे म्हणत आलो." मग प्रूफ माझ्या हातात दिलं. "ती बोलिंगच्या चषकाची ओळ काढ. जागा होईल."

मी परत छापखान्यात कशी पोचले, आठवत नाही. जोवेटने सुधारलेला परिच्छेद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः जुळवला. अडीच वाजता यंत्र सुरू झालं. फरशी थरथरली आणि तळपायातून वर सगळ्या अंगात ती थरथर चढली. मी ओरडले. काय ओरडले माहीत नाही, आवाजात कुणालाच कळलं नाही. एक कंपोझिटर मात्र म्हणाला, बाईंना खरंच शिव्या येतात.

१८ मे, शुक्रवार

दहापर्यंत गावात अंक उरला नाही. पुन्हा छापले, तेही संपले. खाटकाच्या दुकानात अंक मोठ्याने वाचत होते. सहापैकी चार मुलींच्या आयांनी शाळेला चिठ्ठ्या पाठवल्या.

दुपारी मालक यॉर्कहून आले, गळ्यात दुर्बीण तशीच. "सोमवारपर्यंत टेबल रिकामं करा!"

"सोमवारी सुट्टी आहे, साहेब."

"मंगळवारपर्यंत!"

कुणीतरी अंक फाडून साहेबांच्या दारातून आत टाकला. मी धावत गेले, तर ते दोन किपर खात बसले होते. महिनाभर नुसतं सूप पीत होता हा माणूस!

१९ मे, शनिवार

लोक गप्प बसेनात, म्हणून नगरपालिकेने भर दुपारी चाचणी ठेवली: डब्यात माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती, डबा अर्ध्या उतारावर आणून दोर सोडायचा, ब्रेकने धरलं पाहिजे. कड्यावर जत्रेइतकी गर्दी. मेयर गळ्यात पदाची साखळी घालून पुढे उभे. माझ्या मनात भलतंच: ब्रेकने धरलं तर? मग मी एका म्हाताऱ्या माणसाला विनाकारण गावासमोर उघडं केलं, आणि टोप्यांचंच दुकान.

मिस्त्रीने हात खाली केला. दोर सुटला. ब्रेकने करकरून धरलं. मेयर वळून माझ्याकडे बघून हसले.

आणि ते हसत असतानाच लोखंड किंचाळलं. डबा आधी सावकाश, मग दगडासारखा खाली गेला. तळाच्या अडसरावर असा आपटला की वाळूचा ढग फलाटाच्या छपरावर चढला. हिरव्या लाकडाच्या ढलप्या किनाऱ्यावर सांडलेल्या. बक्षीसवाल्या मुलींपैकी एकीची आई माझ्या शेजारी उभी होती; तिने माझा दंड इतका घट्ट धरला की आता निळा डाग आलाय.

मेयर कधी निघून गेले ते कुणाला दिसलंच नाही.

२२ मे, मंगळवार

टेबल रिकामं केलं नाही. मालकांनी विचारलं नाही. दहा वाजता त्यांनी दारातून डोकं आत घातलं, "या शुक्रवारी काय घेताय?" एवढंच. प्रूडोंनी राजीनामा दिलाय! तोच, पहिल्या पानावर!

टपालात हल शहरातून एक पोस्टकार्ड. 'मिस थ्वेट, अंक पाहिला. शनिवारी मी घरी असतो. आ. मेडफर्थ.' खाली पत्ता.

२६ मे, शनिवार

हल शहरात जाऊन आले. साहेब बरोबर आले. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हटलं. ते कोट घालून बसस्टॉपवर माझ्या आधी हजर.

बसमध्ये मी म्हटलं, "नशीब, तुम्ही तो खण रिकामा करायला विसरलात."

ते खिडकीबाहेर बघत होते. "हो," म्हणाले, "विसरलोच."

गोदीजवळची अरुंद गल्ली. दार एका सडसडीत, टकलू माणसाने उघडलं, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी अँब्रोज पिकर्सगिल," साहेबांनी टोपी काढली.

"ओळखलं. 'बिअरचा वास'वाले." मेडफर्थ दारातून हलला नाही. "माफी मागायला आलात?"

"हो."

"ती नको. ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही." त्याने खुंटीवरचा कोट काढला आणि खिशात घडी केलेला अंक आहे का ते चाचपून बघितलं. "चला. कोपऱ्यावर माझा पब आहे."

पबमध्ये गोदीतली पंधरा-वीस माणसं. बाई आत आली म्हणून माना वळल्या. मेडफर्थने अंक काढून साहेबांच्या छातीशी धरला. "एकोणीस वर्षं मी यांना सांगतोय, मी लिंकन गावचा. आता तुम्ही वाचा. तुम्ही छापलंत, तुम्हीच वाचा. मोठ्याने."

मी म्हटलं, "त्यांचं हृदय..."

"मी वाचतो," साहेब म्हणाले.

आणि वाचलं. बारला एक हात टेकून, टिंडलांचं पत्र, ब्रेक, 'संपादक अँब्रोज पिकर्सगिल यांच्याकडे आले होते. त्यांनी ते छापले नाही.' तिथे त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी स्वच्छ.

शेवटी कोपऱ्यातला एक आडदांड गडी म्हणाला, "म्हणजे आल्फ, तू लिंकनचा नाहीसच?"

"नाही," मेडफर्थ म्हणाला. त्याने साहेबांकडे एक स्टूल पायाने सरकवलं, स्वतः उभाच राहिला. "स्केल्बीचा. लिफ्ट चालवायचो. चांगली चालवायचो."